पांढऱ्या कापडाचे दिवस

शिंपीमास्तरांचा हात इतका हलका, की सुई गेल्याचं कापडालाही कळू नये. पण झटका आला, हृदयाच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी सापडली आणि डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली, तेव्हापासून या हाताची पंचाईत झाली. सुई जरा टोचली की रक्त थांबायचं नाव घेईना. गडद कापडावर एक वेळ खपून जातं, पांढऱ्यावर कसं खपणार?

मग मास्तरांनी स्वतःची अक्कल पाजळली. पांढरं काम आलं की आदल्या दिवसापासून गोळी खिशात, आणि बायकोसमोर नुसतं पाणी घटाघटा पोटात.

पुढच्या तपासणीत रक्त पुन्हा दाट निघालं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "असंच राहिलं तर गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जाईल. पालेभाजी एकदम वाढवलीत का? त्यानं या गोळीचा जोर कमी होतो."

बायको कावरीबावरी झाली. नवऱ्याच्या अंगात ताकद यावी म्हणून ती रोज हौसेनं पालेभाजी करत होती. "माझंच चुकलं," ती म्हणाली. मास्तर मिठाची गुळणी धरून बसले. एरवी गिऱ्हाइकाला बोलू न देणारा माणूस!

घरी येताच तिनं होती नव्हती ती भाजी शेजारणीला देऊन टाकली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. "मी माझ्या हातांनी तुम्हाला मारायला निघाले होते हो."

मास्तरांनी खिसा टेबलावर उलटा केला. गोळ्या घरंगळल्या.

"भाजीचा काही दोष नाही गं. मीच दीडशहाणा. कापडावर डाग पडेल म्हणून घेत नव्हतो."

आता ही घर डोक्यावर घेणार, असं त्यांना वाटलं. पण तिचा आवाज चढलाच नाही.

"डाग पडला तर गार पाण्यात साबण लावून मी काढेन. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?"

मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावून सगळं खरं सांगितलं, पोटभर बोलणी खाल्ली आणि बाईंनी सांगितलं तशी गोळी बायकोच्या डोळ्यांदेखत गिळली. तिनं मशीनवरचा पांढरा कोट मांडीवर ओढला आणि तुरपाई सुरू केली. टाके वाकडेतिकडे पडत होते. आयुष्यभर कुणाचा वाकडा टाका न खपवणारे मास्तर शेजारी बसून तिला दोरा ओवून देत राहिले.