मावशींचं उजवं मनगट

रेडिओलॉजी शिकताना माझ्या वाट्याला प्रबंधाचा जो विषय आला, तो ऐकून घरचे हसले. निरोगी माणसांच्या मनगटातली मुख्य नस, म्हणजे मज्जातंतू, सोनोग्राफीवर बघायची आणि ती कुणाकुणात वेगळी आहे ते नोंदवायचं. बहुतेकांत ती एकच असते. काहींत मनगटापाशी तिच्या दोन शाखा होतात आणि मधून एक जास्तीची रक्तवाहिनी जाते. असं मनगट सापडलं की आमच्या विभागात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहायचे.

पण निरोगी मनगटं गोळा करता करता माझ्या नाकी नऊ आले. मुंग्या, बधिरपणा, दुखणं, काहीही असलं की तो माणूस बाद. आणि दिल्लीत ज्याला विचारावं त्याचा हात कशानं ना कशानं दुखतच असतो.

मी तेव्हा मुनिरक्यात भाड्यानं राहायचे. खालच्या मजल्यावर एक मावशी डबे करायच्या. नवरा फौजेत होता, निवृत्तीनंतर इथेच राहिला आणि इथेच गेला. मावशी साताऱ्याकडे परतल्या नाहीत. परीक्षांची तयारी करणारी आमच्याकडची पोरं त्यांच्या पोळ्यांवर जगत होती, आणि मीही.

एका संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून तणतणले. "अजून बारा जण हवेत, मावशी. ज्याला बघावं त्याच्या हाताला मुंग्या! मुंग्यावाली माणसं मला चालत नाहीत."

"चलो, मग माझा हात घे की," पोळी उलटत त्या म्हणाल्या. "मी बिल्कुल ठणठणीत आहे."

शनिवारी त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या. मी फॉर्म वाचून दाखवला. मुंग्या येतात? नाही. बधिर होतो? नाही. हातून वस्तू पडतात? हे तिसरं 'नाही' माझा प्रश्न संपायच्या आधीच आलं. ते मला जाणवलं होतं, हे इथे कबूल करते. तरी मी खूण केली आणि पुढे गेले.

मनगटावर जेल लावून प्रोब टेकवला, आणि पडद्यावर शेजारी शेजारी दोन नसा, मध्ये धडधडणारी रक्तवाहिनी! मी ओरडलेच. मावशी घाबरल्या. "वाईट असतं का गं?"

"छे हो! फार कमी लोकांत असतं असं."

मग सीनियर आले, त्यांचे सीनियर आले. सगळे पडद्यावर वाकले. मावशींच्या तळहाताकडे कुणी पाहिलं नाही, मीही नाही. दोन्ही शाखांची जाडी मी वेगवेगळी मोजली आणि दोन रकान्यांत लिहिली. दोन्ही आकडे मर्यादेत होते. खरं तर अशा नसेत दोन्हींची बेरीज धरायची असते; ती मर्यादेबाहेर गेली तर नस सुजलेली आहे असं समजायचं. परीक्षेत कुणी विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं. पण माणूस निरोगी, फॉर्मवर तीन वेळा 'नाही', मग बेरीज कशाला? मी चित्रानंच हुरळून गेले होते.

दीडेक वर्षानं, मी नोकरीसाठी नोएडात राहायला गेल्यावर, त्यांना भेटायला आले. चहा देताना त्यांच्या हातून कप सुटला. मी त्यांचा हात ओढून बघितला. अंगठ्याच्या बुडाचा फुगीर भाग पार बसला होता, तिथे खळगा पडला होता.

"कधीपासून, मावशी?"

"मुंग्या तर तेव्हाही यायच्या. पहाटे हात झटकल्याशिवाय कणीक मळता यायची नाही. पण तू रडकुंडीला आली होतीस. म्हटलं, पोरीचं काम अडायला नको."

मला त्यांचा राग आला, आणि मग स्वतःची इतकी लाज वाटली की दुसऱ्यांदा केलेला चहा तसाच राहिला. घरी जाऊन प्रबंध उघडला आणि ते दोन आकडे मिळवले. पहिलीतल्या पोराला येईल अशी बेरीज, आणि ती मर्यादेच्या बरीच वर. नस तेव्हाच सुजलेली होती, दाबली जात होती, आणि माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं.

ऑपरेशन झालं. मुंग्या थांबल्या, अंगठ्याची ताकद काही परत आली नाही. लाटणं धरता येईना, तेव्हा डबे बंद झाले.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी जाऊन सगळं सांगितलं. न सांगते तर कुणाला कळलंही नसतं, पण मला ते गिळवेना. त्यांनी विचारलं, "म्हणजे त्याच दिवशी कळलं असतं?"

"हो."

"आणि तेव्हा ऑपरेशन केलं असतं, तर अंगठा चालला असता?"

सांगता येत नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. आम्ही डॉक्टर ते वाक्य खिशात घेऊनच हिंडतो. मी म्हटलं, "बहुतेक, हो."

"अच्छा," त्या म्हणाल्या. बराच वेळ डाव्या हातानं उजवा अंगठा चोळत बसल्या. मी उठले, चपला घातल्या, दारात उगाच थोडी रेंगाळले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मला जेवून जा म्हणाल्या नाहीत.