ईस्टरचं पिठलं

सणाच्या घरी दुखवट्याचा पिठलं-भात पोचवणारं नवनगरातलं एकमेव कुटुंब म्हणजे आमचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेजारी कानडी ख्रिस्ती ग्रेसीअक्का राहायच्या. आदल्या वर्षी गुड फ्रायडेची सुट्टी म्हणून मी त्यांना वाटीभर श्रीखंड नेऊन दिलं, तर त्यांचा कडक उपास! अक्का हळूच म्हणाल्या, "बाई, आज आमच्या स्वामींना क्रुसावर दिलं हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर वर्षभर मी त्यांच्यासमोर मान वर केली नाही (कुंपणावरून शेंगाचटणी घेताना सोडून). यंदा मात्र अक्कांच्या मनातून ते श्रीखंड पुसून टाकायचंच, असा मी चंगच बांधला.

शुक्रवारी आमच्या घरी टीव्ही बंद, फोडणीसुद्धा दबक्या आवाजात! पण अक्कांच्या दाराला कुलूप. सगळे चर्चमध्ये. शनिवारीही सामसूम. रविवारी सकाळी दार उघडं दिसलं. ज्या घरी माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात नेतात, ही आपली रीत. मी पातेलं भरलं, ह्यांना पांढरा सदरा घालायला लावला आणि स्वतः विटकी साडी नेसले.

"अगं, पण तिसऱ्या दिवशी?" हे म्हणाले.

"आधीच उशीर झालाय. चला!"

अक्कांच्या घरात ही गर्दी! नवे कपडे, फुगे, भला मोठा केक. पण माझं रडणं फाटकापासूनच सुरू झालेलं, ते आता कुठलं थांबतंय! "अक्का, धीर धरा हो!"

अक्कांचे सासरे दचकून उठले. "यार होदरु?" कोण गेलं, म्हणत ते थेट ह्यांच्याकडे आले. पांढरा सदरा, रडणारी बायको... त्यांनी ह्यांना मिठीच मारली! "आई काय हो?" कुणी खुर्ची दिली, कुणी पाणी आणलं आणि सगळं घर माझ्या सासूबाईंसाठी प्रार्थनेला उभं राहिलं. (सासूबाई तेव्हा आमच्या अंगणात पापड वाळत घालत होत्या.)

शेवटी हे पुटपुटले, "आमचं कुणी नाही गेलं. तुमचे... येशू स्वामी."



"अय्यो बाई, एद्दार री!" अक्का ओरडल्या. "उठले की ते! आज तिसऱ्या दिवशी कबरीतून उठले, म्हणून तर ईस्टर! मरण हरलं, त्याचा हा सण!"

"असं होय!" ह्यांचा चेहरा खुलला. "अभिनंदन!"

लाजेनं माझे कान तापले. पातेलं उचलून मी पळणार, तोच अक्कांनी हात धरला. "ठेवा ते. गोड काय, दिवसभर आहेच." पिठलं केकशेजारी मांडलं गेलं. सासऱ्यांनी तर दोनदा वाढून घेतलं.

तेव्हापासून दर ईस्टरला कुंपणावरून हाक येते, "बाई, या हो! सगळे जिवंत आहेत! पिठलं तेवढं आणा!"

मी जाते. पातेलं हातात, मान खाली आणि सासूबाई पुढे, पुरावा म्हणून!