कुठाय सर

कॉम्प्युटर अडकलाय असं कुणी सांगितलं, की आमचे सर 'कावून', म्हणजे का, असं कधीच विचारायचे नाहीत. त्यांचा एकच प्रश्न, "विनंती आत्ता कुठाय?" म्हणून सगळं कॉलेज त्यांना कुठाय सर म्हणायचं. त्यांनाही ते ठाऊक होतं. हजेरीला कुणी नसलं की मुद्दाम "हा कुठाय?" म्हणायचे आणि आमच्याआधी स्वतःच हसायचे.

ते ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायचे. कर्नलमध्ये, म्हणजे त्या सिस्टीमच्या गाभ्यात, एकेका विनंतीचा, म्हणजे प्रोग्रामनं मागितलेल्या कामाचा, माग काढणं हा त्यांचा छंदच. त्यातलं असिंक्रोनस म्हणजे काय, ते मला कळेना. मी घरातली पहिलीच कॉलेजात आलेली, विचारायला धजेना. सरांनी ओळखलं असावं. गाव विचारलं. धारूरकडचं, म्हटलं.

"टँकर येतो ना? मग हंडा रांगेत ठेवून तिथंच उभी राहतीस का?"

नाही, कामाला जातो, भरला की शेजारीण हाक मारते, असं मी सांगितलं.

"झालं की. डिस्कला काम सांगायचं, आपलं दुसरं करायचं, हाक आली की हंडा उचलायचा."

त्या दुष्काळी उन्हाळ्यात सरांच्या गावची दूध संस्था अडचणीत आली. केंद्रावरच्या दूध संकलनाचा प्रोग्राम सरांनीच लिहून दिलेला. सकाळी थोडा वेळ चालायचा, मग अडकायचा, आणि रांगेतलं दूध नासायचं. पिकं गेलेली, घरं दुधावर चाललेली, आणि अध्यक्ष केंद्रच बंद करू म्हणत होते. सर मला सोबत घेऊन गेले.

रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "मास्तर, तुमचं यंत्र माझ्या म्हशीपरीस आडमुठं हाय."

सरांनी माग सुरू केला आणि वाचायला मला बसवलं. विनंती कर्नलमध्ये जात होती, डिस्क काम पुरं करत होती, पुरं झाल्याचा निरोपही येत होता. पण काही निरोप प्रोग्राम उचलतच नव्हता. ते साचून जागा भरली, की नवी विनंती आत जाईना. चूक सरांच्याच प्रोग्राममध्ये होती. मी माग पुन्हा वरपासून वाचला.

"कुठाय?" सरांनी विचारलं.

"सर, भरलेले हंडे टँकरखालीच आहेत," मी चाचरत म्हणाले. "आपला प्रोग्राम उचलत नाही."

सरांनी तो माग स्वतः एकदा वाचला. मग बाहेर येऊन रांगेला म्हणाले, "चूक माझी हाय. हिनं शोधली."

"मग पोरीलाच मास्तर करा की," आजी म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्यानं सरच हसले. दुरुस्ती करून शेवटच्या माणसाचं दूध घेईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. केंद्र चालू राहिलं.

पुढच्या वर्षी सर दुसऱ्या कॉलेजात गेले. निरोपाला ते एवढंच म्हणाले, "कुणाचंही चुकलेलं दिसलं, तर सांगत जा."

नवे सर चांगले आहेत. परवा त्यांनी फळ्यावर काढलेला एक बाण मला उलटा वाटला. मी हात वर केला.