ट्रॅक्टर कोणाच्या नावावर

परवा माझ्या कमाईतून घेतलेल्या नेरूळच्या फ्लॅटचा करार करताना एजंटने शाईच्या पॅडचं झाकण उघडलं. त्या वासासरशी जासईचं आमचं अंगण डोळ्यांपुढे आलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबांनी स्वतःच्या पैशाने जुना ट्रॅक्टर घेतला होता. पण घरात थोरल्याचंच नाव लावायची रीत, म्हणून आरसी बुकावर नाव मोठ्या काकांचं. शेती सरकारने घेतली, तसा काकांनी बाबांना न विचारता ट्रॅक्टर विकायला काढला.

गिऱ्हाईक आलं. काकांनी विक्रीच्या फॉर्मवर ऐटीत अंगठा उमटवला.

"दादा, ट्रॅक्टर माझा हाय," बाबा म्हणाले.

काकांनी आरसी बुक त्यांच्या तोंडासमोर नाचवलं. "नाव कोनाचं हाय, बघ!"

"जरा चालू करून दाखवा," गिऱ्हाईक म्हणालं. काका सीटवर चढले. किल्ली फिरवून फिरवून घामाघूम झाले. कधी हात लावला असेल तर ना! शेवटी त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा ओट्यावरून हलले नाहीत.

"मालक तू हायस ना? मग कर चालू!" ते तिथूनच म्हणाले.

मी खदखदून हसले होते. बरी जिरली, असं वाटलं होतं. पण गिऱ्हाइकाने दोर बांधून ट्रॅक्टर ओढत नेलाच. त्याला कागद मिळाला होता. आज ते हसू आठवलं की माझाच राग येतो.

"फ्लॅट कोणाच्या नावावर?" एजंटने विचारलं. सोबत आलेले थोरले दीर घसा खाकरून खुर्ची पुढे सरकवू लागले.

मी माझं एकटीचं नाव सांगितलं. दोनदा.