दहा खोल्यांचा भाव

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. माझा मूर्खपणा तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेला बरा. तुमसरात तो आता प्रत्येक पानठेल्यावर माहीत आहे, पण तिथं तिखटमीठ लावून सांगतात. मी बिनमिठाचा सांगतो. तोच जास्त वाईट आहे.

मी धानाचा दलाल. शेतकऱ्याचा माल राईस मिलवाल्याला मिळवून द्यायचा आणि मधल्या मधे दोघांच्याही शिव्या खायच्या, हा माझा धंदा. भाव करण्यात तालुक्यात माझा हात कोणी धरत नाही, असं लोक म्हणतात. म्हणजे म्हणायचे.

गोष्ट सुरू होते माझ्या बायकोपासून, सुनंदापासून. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही नागपूरला किती वेळा गेलो याचा हिशेब नाही. दवाखाना झाला, लग्नाचे कपडे झाले, आमच्या प्राचीची कॉलेजची ॲडमिशन झाली. आणि उतरायचं कुठं? कुसुमताईकडे. कुसुमताई माझी थोरली बहीण. सख्ख्या बहिणीचं घर गावात असताना दुसरीकडे पथारी टाकणं म्हणजे आमच्याकडे नातं तोडल्यासारखंच. त्यामुळे अख्खं खानदान तिच्याच घरी उतरतं. आम्ही जाऊ तेव्हा तिथं आधीच आठ-दहा माणसं असतात. सुनंदा पडली भावजय, ती गाडीतून उतरली की थेट स्वयंपाकघरात. मला फुटाळा तलाव माहीत, मेट्रो माहीत. तिनं नागपुरात पाहिला तो ताईचा ओटा.

तर यंदा पंधरा ऑगस्ट आला शुक्रवारी. पुढे शनिवार, रविवार. रोवण्या, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्या होत्या, बाजार समितीच्या यार्डात माशा मारायचं काम होतं. सुनंदा जेवण वाढता वाढता म्हणाली, "तीन दिवस गाडी घेऊन नागपूरले जाऊ. हाटेलात राहू. सकाळी मी उठणार नाई. आन् उठली तरी कोनाले चाय देनार नाई."

मी भात कालवायचा थांबलो.

"आन् ताईले सांगाचं नाई," ती म्हणाली.

बावीस वर्षांत या बाईनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मला खरं सांगायचं तर लाज वाटली. मी लगेच हो म्हणालो.

आता हॉटेल शोधणं आलं. प्राची म्हणाली, बाबा, मोबाईलवर दोन मिनिटांत होते. मी म्हटलं, बेटा, माल पाहिल्याशिवाय आणि माणसाशी बोलल्याशिवाय मी सौदा करत नाही. पंधरा दिवस मी फोन करत बसलो. ताईच्या घरापासून लांब पाहिजे, गाडी लावायला जागा पाहिजे आणि भाव आपल्याला झेपणारा पाहिजे, एवढंच. पहिल्या आठवड्यात मी कुठंच हो म्हटलं नाही. कारण आमच्या धंद्याचा नियम आहे, सीझन जवळ आला की भाव पडतो. धान निघायला लागलं की बघा तुम्ही. हॉटेलचा भाव सीझन जवळ आला की चढतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रोज फोन करावा तर रोज चढलेला.

शेवटी मी आपली विद्या काढली. यार्डात एका पोत्याचा भाव विचारला तर कोणी मान वर करून पाहत नाही. ट्रकभर मालाचा विचारायचा. भाव ठरला की म्हणायचं, आधी एक पोतं नमुन्याला द्या, पसंत पडलं तर बाकीचं उचलतो. पोतं त्याच भावात घरी येतं. बाकीचं नंतर पाहता येतं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कोणी मनावर घेत नाही.

एका हॉटेलच्या मॅनेजरला फोन लावला. किती रूम पाहिजे, म्हणाला. मी म्हटलं, दहा. तीन दिवस. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. भाव जवळपास अर्ध्यावर आला. मग त्यानं विचारलं, "दहा रूम म्हंजे घरी प्रोग्राम असन काही?"

मी म्हटलं, हो.

"कोनता?"

समोर अंगणात, ऐकू जाणार नाही इतक्या लांब, प्राची केस विंचरत होती. तोंडात आलं ते बोलून गेलो, "साक्षगंध." म्हणजे साखरपुडा हो, आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. त्यानं अभिनंदन केलं आणि मुलीचं नाव विचारलं, बोर्डावर टाकायला. मी सांगितलं. बोर्ड म्हणजे खडूनं लिहायची पाटी, अशी माझी समजूत. यार्डात आम्ही तेवढंच लिहितो. एका खोलीपुरता इसार मी लगेच पाठवून दिला. तो त्यानं दहा खोल्यांचा धरला. रात्री जेवताना छाती काढून सांगितलं की भाव जमला. कसा जमला ते सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आम्ही हॉटेलच्या दारात. गाडी लावली आणि वर पाहिलं. दाराच्या रुंदीचा फ्लेक्स होता. दोन अंगठ्या, चार गुलाब, आणि मधे: चि. सौ. कां. प्राची हिच्या साक्षगंधानिमित्त तुमसरच्या पाहुण्यांचे हार्दिक स्वागत.

सुनंदानं वाचलं. प्राचीनं दोनदा वाचलं.

"बाबा," ती म्हणाली, "मुलगा कोन आहे?"

रागानं नाही हो. उत्सुकतेनं विचारलं तिनं.

मी काही बोलणार तोच मॅनेजर हार घेऊन आला. हार माझ्या गळ्यात घातला आणि माझ्या मागे रस्त्याकडे पाहत विचारलं, बाकी मंडळी मागून येऊन राहिली का? मी घसा साफ केला आणि ठरल्याप्रमाणे म्हटलं की आधी एक खोली नमुन्याला द्या, पसंत पडली तर बाकीचं पाहू.

मॅनेजरनं हात जोडले. "साहेब," तो म्हणाला, "रूम हायेत ह्या. तांदूळ नाई."

मग त्यानं हळूहळू सांगितलं की या दहा खोल्यांपायी त्यानं चार दिवसांत कितीजणांना परत पाठवलं. माणूस वाईट नव्हता. मला घाम फुटला. त्यानं माझा घाम पाहिला, रिकामा रस्ता पाहिला, मोबाईलमध्ये मान घातलेली प्राची पाहिली. आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "मुलाकडचे नाई म्हनाले का जी?"

मी हो म्हणालो नाही. देवाशपथ, हो म्हणालो नाही. मी फक्त मान खाली घातली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, बाकी खोल्यांचं संध्याकाळी पाहू म्हणाला, आणि आम्हाला वर नेऊन स्वतःच्या खिशातून चहा पाजला.

खोली चांगली होती. पांढरीशुभ्र चादर, एसी. सुनंदाला मी सगळं कबूल केलं. ती पलंगावर आडवी पडून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, तुमचं तुमी निस्तरा, मी उठत नाई. आणि खरंच झोपली. दुपारची झोपलेली सुनंदा मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होतो. घोरत होती बिचारी. मला इतकं बरं वाटलं की म्हटलं, दहा खोल्यांचं पाहू काय ते.

हे सुख साडेचारपर्यंत टिकलं.

हॉटेल मी मुद्दाम ताईच्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं होतं. पण आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, रिटायर झाल्यापासून स्वस्त भाजीसाठी स्कूटरवर अख्खं नागपूर पालथं घालतात. त्या दिवशी त्यांना दोडके तिकडे स्वस्त मिळाले. येताना त्यांनी फ्लेक्स वाचला. फ्लेक्सखाली आमच्या जिल्ह्याची, एमएच छत्तीसची गाडी, मागच्या काचेशी धानाच्या नमुन्याच्या पिशव्या. ओळखायला काय लागतं?

साडेचारला ताई आली. दोन गाड्या आणि तीन ऑटो. तीन दिवसांची सुट्टी म्हटल्यावर आसगावची मावशी आपली मुलं, सुना, नातवंडं घेऊन आधीच ताईकडे उतरली होती. सगळे मिळून एकोणीस जण. भाचीचं साक्षगंध माझ्या नागपुरात, आणि मलाच बोलावणं नाही, असं भांडायला ताई निघाली होती. तरी हातातल्या पिशवीत प्राचीसाठी नवी साडी होती. ताई तशीच आहे.

पण खाली रिसेप्शनवर मॅनेजरनं तिला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की मुलाकडचे फिरले. त्यामुळे वर येईपर्यंत ताईच्या रागाचं रडं झालं होतं. तिनं प्राचीला पोटाशी धरलं. रडू नको माय, म्हणाली. प्राची रडत नव्हती, बिस्किट खात होती. मावशीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि असे छप्पन मिळतील म्हणून सांगितलं. भाऊजींनी बाह्या सरसावल्या.

"पोट्टा कोन्या गावचा?" त्यांनी मला विचारलं.

आता तुम्हीच सांगा, एकोणीस माणसं आपल्याकडे पाहत असताना माणूस काय करणार? मी म्हटलं, "बपेऱ्याचा."

भाऊजी म्हणाले, बपेऱ्यात त्यांचा जुना साहेब राहतो, आणि त्यांनी मोबाईल काढला. नंबर शोधायला लागले. शेवटी प्राचीनंच हात झटकले.

"आत्या, कोनी मुलगा नाई. बाबानं रूम स्वस्त मिळावी म्हून माझं साक्षगंध केलं."

भाऊजींनी मोबाईल खिशात ठेवला.

"म्हंजे तुमी इथं रायला आले," ताई म्हणाली. "नागपुरात. हाटेलात."

मी फ्लेक्सचं, इसाराचं, भावाचं काहीतरी सांगायला लागलो. तेव्हा सुनंदा पलंगावरून उठली. "ताई, ह्यायले काही म्हनू नका," ती म्हणाली. "मीच म्हनलं होतं. एकदा तरी कोनासाठी काही न करता रावं वाटलं."

मला वाटलं, संपलं. आता ही बहीण मला भाऊबीजेला ओवाळत नाही. ताई पलंगाच्या कडेला बसली. गादी हातानं दाबून पाहिली. एसीकडे पाहिलं. मग कोणाकडेच न पाहता म्हणाली, "तीस वर्षं झाले. तुमसरचे येतात, आसगावचे येतात. दवाखान्याचे येतात, लग्नाचे येतात. मले नाई वाटत का रे परकाश, हाटेलात रावं?"

मावशी पंख्याकडे पाहायला लागली. तीस वर्षं मी त्या घरी जेवलो, झोपलो, आणि हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मान आता खरोखरच खाली गेली.

"किती रूम हायेत?" ताईनं डोळे पुसले.

दारात मॅनेजर उभा होता. "दहा, ताई. ही एक गेली. नऊ रिकाम्या."

"आना चाब्या."

पाव तासात खोल्या वाटून झाल्या. भाव दहाचाच ठरला होता, दहाही भरल्या, मॅनेजर खूश. पोरं व्हरांड्यात धावायला लागली. आणि मग आमच्या दारावर थापा सुरू झाल्या. गरम पाणी कुठून येतं, टीव्ही कसा लावायचा, उशी अजून एक मिळेल का. खोल्या नऊ, पण हाक एकच. "सुनंदा, चाय सांग ना जरा." "सुनंदा, मावशीच्या गोळ्या कोठी ठेवल्या पाहाय." चौथ्या सुनंदेला ती उठली आणि ताईच्या खोलीत गेली. मी मागोमाग. म्हटलं, आता दोघींची जुंपते.

"ताई, तुमच्या घरी आता कोन हाये?"

"कोनी नाई. कुलूप लावून आलो."

"चाबी द्या."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. काय समजायचं ते समजली. कमरेची चाबी सोडून तिच्या हातात दिली. "फ्रिजमधे दूध हाये," म्हणाली. "बेल वाजली तं उघडू नको."

गाडीची चाबी प्राचीनं माझ्या खिशातून स्वतः काढून घेतली. दोघी गेल्या.

मी कुठं जाणार? माझं साक्षगंध होतं ना. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून मी तीन मजल्यांवर किटली घेऊन फिरत होतो. हॉटेलात वेटर होते, पण मावशीला वेटरच्या हातचा चहा चालत नाही. भाऊजींना बिनसाखरेचा, मोठ्या सुनेला अद्रकाचा, पोरांना दूध. ताई मात्र नऊ वाजले तरी उठली नव्हती. तिचं दार वाजवायची माझी हिंमत झाली नाही.

साडेनऊला सुनंदाला फोन लावला. आत्ताच उठली, म्हणाली. बाहेरून पोहे मागवले होते.

"कसं आहे तिकडं?" मी विचारलं.

"लय मस्त जागा हाये जी. आवाज नाई, मानूस नाई. ताईच्या घरी इतकी हवा येते, मले मालूमच नवतं."

मला भरून आलं. म्हटलं, चला, बावीस वर्षांनी का होईना, हिच्या मनासारखं झालं.

"दिवाळीच्या सुट्टीतबी हेच हाटेल धरा," ती म्हणाली. "दहाच्या दहा रूम घ्या."

"आणि तू?"

"मी ताईकडं उतरीन."