बाळ रडलं की थांबणारं मशीन

माझ्या लेकीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, घरी बसून शाळेचे गणवेश शिवतात. उमेदीची सगळी वर्षं कारखान्यातल्या गोंगाटात गेली, त्यात कान गेले. समोर बसून मोठ्यानं बोललं तर कळतं, पाठमोऱ्या असल्या की हाक मारून उपयोग नाही. कानातलं यंत्र लावलं तर शिलाई मशीनचीच घरघर डोक्यात घुमते, म्हणून ते डबीत पडून असतं.

लेकीची रजा संपत आली. मी नोकरीमुळे दुसऱ्या गावी. तान्ह्या नातीला सांभाळणार कोण?

"मी आहे की!" विहीणबाई म्हणाल्या.

मी लेकीकडे बघितलं, ते त्यांनी बरोबर हेरलं.

"विहीणबाई, तुमचं तोंड बघूनच कळलं मला. ओरडायची तसदी घेऊ नका."

जावयांनी त्यावर तोड काढली. जुना फोन पाळण्याशी ठेवला. रडणं ऐकलं की तो विहीणबाईंच्या मनगटावरच्या घड्याळाला थरथरायला लावणार. मी मुद्दाम दोन दिवस राहिले. पहिल्याच दुपारी आतल्या खोलीत नातीनं टाहो फोडला. घड्याळ इमानदारीत थरथरत होतं, आणि बाई खुशाल कॉलर जोडत होत्या! मशीनच्या हादऱ्यानं हातच थरथरत असताना घड्याळाचं काय कळणार? मीच धावले.

पोरीला घेऊन मी बाहेर आले, तेव्हा कुठे त्यांना समजलं. घड्याळ काढून त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं.

"पाळणाघर बघा," म्हणाल्या, आणि उगाचच दोरा ओवायला लागल्या. तो काही ओवला जाईना.

संध्याकाळी जावई आईसमोर बसून वैतागून म्हणाले, "आई, वीज गेल्याशिवाय तू मान वर करतेस का कधी?"

त्यांनी मशीनच्या वायरकडे बोट दाखवलं. "मग वीजच घालव ना, बाबा!"

दुसऱ्या दिवशी फोनच्या सांगण्यावरून बंद होणारा प्लग आला. नात रडली की मशीन जागच्या जागी थांबतं. बाई शिवी हासडून मान वर करतात, मग हसत आत पळतात. मी स्वतः पाहिलं आणि निघाले.

पण घरी आले तरी जीव थाऱ्यावर कुठला? विहीणबाईंना त्यांच्या फोनची रिंग ऐकू येत नाही; आत पोरीपाशी असल्या तर निदान दिसेल, म्हणून मी सारखी पाळण्याजवळच्या फोनवर फोन करायचे. चौथ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"अहो, तुमचा फोन वाजला की पोर दचकून रडते, आणि माझं मशीन बंद! गणवेश काय पुढच्या वर्षी देऊ?"

आता मी त्यांच्या फोनवर मेसेज टाकते. उत्तरात शिवणाचा फोटो येतो. आज बाही अर्धीच होती, सुई कापडात रुतलेली. म्हणजे नात आजीच्या मांडीवर. फोटो पाहून मी फोन पर्समध्ये टाकला आणि कामाला लागले.