यादीत पुणे घालणारे अण्णा

कर्नाटकातल्या आमच्या तालुका कचेरीत कंप्यूटरच्या खोलीत एक अण्णा होते. चुकलेलं पुसणं त्यांना खपत नसे. ऑपरेटर घाईनं काही खोडायला लागला की म्हणायचे, "पुसू नको. र्‍हाऊ दे तसंच, त्याच्या म्होरं बराबर लिव. मागून येणाऱ्याला कळाया पाहिजे, कुठं चुकलं ते."

अण्णा मंठाळ गावचे, कंप्यूटरच्या कामाला कंत्राटावर आलेले. घरात कन्नड बोलत, माझ्याशी मराठी. मी त्या खोलीचा केर काढायची, फरशी पुसायची. ते माझ्याहून वयानं लहान, तरी मी त्यांना अण्णा म्हणे आणि ते मला अक्का. पुसलेल्या फरशीवर ते कधी चपला घालून आले नाहीत.

अर्जांचा प्रोग्राम आधी बाहेरच्या कंपनीकडं होता. एक शब्द बदलायचा तर पत्र लिहून महिनोन्‌महिने वाट बघायची. अण्णांनी साहेबांना पटवून तो कचेरीतल्याच एका यंत्रावर आणला. त्यात त्यांनी अडचणी नोंदवायची एक सोय बसवली, फुकट मिळणारी, आणि तिची रचना कुणीही उघडून बघावी अशी. जिल्ह्यातल्या कचेऱ्यांनी अडचण तिथं लिहायची, दुरुस्ती तिथंच करायची. कुणी काय बदललं ते नावासकट या सगळ्या कचेऱ्यांना दिसायचं. हेडक्लार्कना हे सोसत नसे. आमच्या चुका चव्हाट्यावर कशाला, म्हणून ते भांडत. अण्णा म्हणत, "माझ्या बघा की साहेब, तुमच्याहून जास्त हायती." आणि खरंच होत्या.

माझे मालक पुण्याला बांधकामावर गेले आणि तिथंच वारले. विधवा पेन्शनचा माझा अर्ज दोनदा परत आला होता. मृत्यूचं ठिकाण निवडायच्या यादीत फक्त कर्नाटकातले जिल्हे होते. ऑपरेटर नाइलाजानं गुलबर्गा टाकायचा. दाखल्यावर पुणे, म्हणून अर्ज वर अडायचा. आमच्याकडची माणसं पुण्या-सोलापूरला, नाहीतर हैदराबादला पोट भरायला गेलेली. माझ्यासारख्या कितीतरी बाया त्या खिडकीवरून परत जात. मी बघायची, फडकं पिळायची, गप्प राहायची.

एकदा एक बाई खिडकीशी रडायला लागली. अण्णांनी विचारलं, काय झालं. ऑपरेटर म्हणाला, अर्ज वरून परत आला. माझ्या तोंडून निघून गेलं, यादीत पुणं न्हाई.

"तुमाला कसं ठाव, अक्का?"

मी माझं सांगितलं. अण्णा उठले. मग आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बसा. लिवा."

"मी? तुमीच लिवा की अण्णा."

"मी लिवलं तर माझं नाव पडंल. अडचण तुमची हाय. कामून भ्यायलाव?"

एकेक अक्षर कुठं आहे ते ते दाखवत गेले, मी एका बोटानं दाबत गेले. 'माझे मालक पुण्यात वारले. यादीत पुणे नाही.' एवढ्याला अर्धा तास गेला. खाली त्यांनी कन्नडमध्ये अर्थ लिहिला, वर माझं नाव घातलं. हेडक्लार्क हसले, आता झाडूवाली प्रोग्राम शिकवणार म्हणाले. अण्णा शांतपणे म्हणाले, "तिला दिसलं साहेब. आपल्याला दिसलं न्हाई."

अण्णांनी दुरुस्ती करून जिल्ह्याच्या मंजुरीला पाठवली. ती यायच्या आत त्यांचं कंत्राट संपलं, पुढं वाढलं नाही. ते बेंगळुरूला निघाले. जाताना दारातून म्हणाले, "येतो अक्का. तुमचं काम वर गेलंय." सावकाश जावा, एवढंही माझ्या तोंडातून फुटलं नाही. फोन नंबर मागायचा तर लाज वाटली.

पुढच्याच महिन्यात यादीत पुणे आलं, सोलापूर आलं, हैदराबाद आलं. ऑपरेटरनं पहिला अर्ज माझा भरला. तो मंजूर झाल्याचा कागद हातात आला तेव्हा सांगावं असं एकच माणूस होतं, आणि त्याच्या खुर्चीवर फायली ठेवल्या होत्या.

मी भीत भीत ऑपरेटरला विचारलं, माझ्या त्या ओळीखाली अजून काही लिहिलं तर अण्णांना दिसंल का?

तो हसला. "न्हाई अक्का. ते फकस्त जिल्ह्यातल्या कचेऱ्यांत दिसतंय, भाईरच्याला न्हाई. अण्णांनीच तसं केलंय."

मी पदराला हात पुसले, खुर्चीवर बसले आणि एका बोटानं लिहिलं, 'अण्णा, पुणे आलं.'